टर्फ खालून खराब होतं

टर्फच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या, दुरुस्तीसाठी बोलावणं येतं तेव्हा समोरच्याचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "वरून छान दिसतंय हो, पण वास येतोय." मी गेल्यावर पाती न्याहाळत बसत नाही. सगळ्यांत सावलीचा कोपरा शोधते, तिथली कड उचलते, टर्फ पालथं करते आणि पाठीवरून अंगठा फिरवते. बोटाला काय लागतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. पाठ कोरडी आणि लवचिक असेल तर काम फक्त झाडण्याधुण्याचं. बुळबुळीत लागली तर निचऱ्याचं. काळा भुगा हाताला आला, तर मात्र घरच्यांना खाली बसवून नीट बोलावं लागतं.

मी टर्फ बसवते, उखडते आणि जोडते. माझी बहुतेक कामं घरांच्या अंगणात, गच्च्यांवर, बाल्कन्यांमध्ये आणि इमारतींच्या मधल्या मुलांच्या खेळाच्या जागेत असतात. मोठ्या मैदानांचं गणित वेगळं. तिथे यंत्रं असतात, माणसं नेमलेली असतात. हे लिहितेय ते ब्रश, बादली आणि कटर एवढ्यावर भागवणाऱ्यांसाठी. त्यातही जिथे हवेत कायम ओल असते आणि वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशीही गार लागतात, अशा वस्तीत राहणाऱ्यांसाठी.

ओल नेमकं काय खाते

टर्फची वरची पाती बहुधा पॉलिइथिलीनची असतात. त्यांच्या बुडाशी तपकिरी-हिरवे कुरळे धागे दिसतात, ते बरेचदा पॉलिप्रॉपिलीनचे. हे सगळं ज्या कापडात टाके घालून ओवलेलं असतं ते कापडही पॉलिप्रॉपिलीनचंच. पाणी यांच्यातल्या कशाचंही काही बिघडवत नाही आणि बुरशीला यात खाण्यासारखं काही नसतं. मग टर्फवर बुरशी येते कशी? ती टर्फवर जगतच नाही. ती पात्यांच्या बुडाशी साठलेल्या धुळीवर, परागकणांवर, कुजलेल्या पाल्यावर, पक्ष्यांच्या विष्ठेवर जगते. शेवाळाला तर तेवढंही लागत नाही. उजेड आणि ओल मिळाली की पुरे.

खरी नाजूक गोष्ट कापडाच्या पाठीवर असते. टाके सुटू नयेत म्हणून तिथे एक थर ओतलेला असतो, एक तर लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा. घरगुती मालात लॅटेक्स जास्त दिसतं, कारण ते स्वस्त पडतं. पण महिनोन् महिने ओल्या जमिनीला टेकून राहिलं की लॅटेक्स आधी मऊ पडतं, मग त्याची पकड सुटते, शेवटी त्याचा भुगा होतो. तोवर वरची पाती हिरवीगार असतात! म्हणून मी म्हणते की दमट जागेतलं टर्फ खालून वर खराब होतं. पॉलियुरेथेन ओलीला बरंच जास्त टिकतं. नवीन घ्यायचं असेल तर पात्यांची उंची आणि हिरव्याच्या छटा नंतर बघा. आधी नमुना पालथा करा आणि पाठीवर काय आहे ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर लॅटेक्सच आहे असं धरून चाला.

पाठीची पकड घरच्या घरी अजमावता येते. कडेचा एक झुपका पकडीत धरून सरळ वर ओढा. चांगल्या टर्फमध्ये जोर लावूनही तो येत नाही. पातं तुटेल, पण झुपका बुडापासून सुटणार नाही. अलगद हातात आला आणि त्याच रांगेतले शेजारचेही येऊ लागले, तर त्या भागातला थर गेलाय. हे तीन-चार ठिकाणी करा: सावलीत, उन्हात, पाण्याच्या वाटेवर आणि मधोमध. अख्खं टर्फ एकाच वेळी सहसा जात नाही. जिथे पाणी थांबतं तिथून सुरुवात होते.

पाणी अडतं कुठे

पाऊस नसताना, टर्फ कोरडं असताना बादलीभर पाणी एकाच जागी ओता आणि बघत उभे राहा. पाणी काही क्षण पात्यांत घुटमळून खाली उतरलं तर वरची वाट मोकळी आहे. पसरत जाऊन कडेने बाहेर पडलं तर भोकं बुजलीत. दुसऱ्या दिवशी त्याच जागेजवळची कड उचला. वरून कोरडं आणि खाली ओलं असेल, तर पाणी टर्फमधून उतरतंय, पण जमिनीवर अडतंय. दुखणी दोन आणि त्यांचे उपायही दोन. यांची गल्लत झाल्यामुळे लोक वरून नुसतीच औषधं मारत राहतात.

भोकांचं आधी. लॅटेक्सच्या पाठीतून पाणी आपोआप जात नाही, म्हणून कारखान्यात तिला साधारण ६ मिलिमीटरची भोकं साधारण १०-१० सेंटिमीटरवर पाडलेली असतात. ती गाळाने भरतात. वरून ती सापडत नाहीत. जो भाग उचलता येतो तो पालथा करून जाड दाभणाने भोकं मोकळी करा आणि पाठीवर पाण्याचा हलका फवारा मारा. नवी भोकं पाडायची तर तापवलेली सळई चालते. धूर होतो, तेव्हा काम उघड्यावर करा आणि नाकावर मास्क हवा. टाक्यांच्या दोन रांगांच्या मधोमध पाडा, टाक्यावर नको.

भोकं वारंवार बुजत असतील तर संशय वाळूवर घ्या. पाती उभी राहावीत, टर्फ जमिनीला धरून राहावं म्हणून त्यात वाळू भरतात. घरगुती टर्फला दर चौरस मीटरला साधारण ५ ते १० किलो. ती धुतलेली, गोलसर दाण्याची सिलिका वाळू हवी. बांधकामाच्या वाळूत माती असते आणि तीच खाली उतरून गाळ होते. परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू तळाला बसल्यावरही पाणी गढूळच राहिलं तर ती वाळू टर्फमध्ये जाऊ देऊ नका. समुद्राची वाळू तर मुळीच नको. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. आधीच दमट असलेल्या जागेला आणखी ओलं करायचा तो हमखास मार्ग आहे. वाळू ओतताना कोरडी धूळ उडते, ती फुप्फुसांना वाईट, इथेही मास्क.

आता जमिनीचं. मातीच्या अंगणात टर्फखाली ७५ ते १०० मिलिमीटर खडीचा दाबून बसवलेला थर लागतो, वर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. अंगण चोपून गुळगुळीत दिसावं म्हणून कामगार कच भरमसाट घालतात आणि धुम्मसने ठोकत राहतात. त्या कचाचा पुढे फरशीसारखा थर होतो आणि पाणी त्याच्या डोक्यावर उभं राहतं. असं झालेलं दिसलं तर टर्फ गुंडाळून तो वरचा कडक थर कुदळीने फोडून खरवडावा लागतो. दुसरा शॉर्टकट मला अजून सापडलेला नाही.

गच्ची आणि बाल्कनीत पाणी मुरायला जागाच नसते, त्यामुळे सगळी भिस्त ढाळावर. मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार हवा, तोही पाणी बाहेर जाण्याच्या जाळीच्या दिशेने. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघता येते. ढाळ कमी असेल तर टर्फखाली प्लॅस्टिकच्या जाळीदार निचरा-फरश्या घाला, म्हणजे पाठ स्लॅबला टेकत नाही आणि खालून वारा खेळतो. पण त्या घातल्या म्हणजे सुटलो असं होत नाही. त्यांच्याखाली पाणी साचून राहिलं तर डासांना आडोशाची जागा मिळते; उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून जाळीवरचा टर्फचा तुकडा मी कधीच चिकटवत नाही. फूटभर चौकोन सुटा ठेवते, तो उचलून आत हात घालता आला पाहिजे. आधीच चिकटवलेलं असेल तर तेवढा भाग कापून सुटा करून घ्या.

आणि वरून येणारं पाणी? दमट वस्तीत एसीच्या नळीतून दिवसभर थेंब थेंब पाणी गळतं. ती नळी टर्फवर सोडलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नळीपासून जाळीपर्यंत टर्फवर गडद पट्टा दिसला की समजा. नळी वाढवून थेट जाळीत सोडा. कुंड्यांखालच्या ताटल्या, रबरी पायपुसणी, मुलांचा फुगवायचा पोहण्याचा टब, घडी घालून ठेवलेली ताडपत्री ही सगळी मंडळी टर्फला खालून आणि वरून दाबून ओलं ठेवतात. कुंड्या पायांच्या स्टँडवर ठेवा. बाकीचं काम झालं की उचला.

झाडणं आणि धुणं

पाला रोज काढता आला तर उत्तम. कुजलेलं पान काढायला कोरड्या पानाच्या दसपट मेहनत लागते, कारण ते तोवर वाळूत मिसळलेलं असतं. त्यासाठी प्लॅस्टिकचा दाताळा किंवा हवा मारायचं ब्लोअर चालतं. लोखंडी दाताळा आणि तारेचा ब्रश टर्फजवळ आणू नका. पाती चिरतात आणि चिरलेल्या पात्यांचे तुकडे पुढे नाल्यात जातात.

आठवड्यातून एकदा ताठ नायलॉनच्या ब्रशने उलट लवीने झाडा. लवीची दिशा समजायला हात फिरवायचा: एका बाजूने गुळगुळीत लागतं आणि दुसऱ्या बाजूने मांजरीला शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळल्यासारखं. त्या दुसऱ्या बाजूने ब्रश मारायचा. पाती उभी राहिली की मधून हवा जाते. दमट जागेत ब्रशचं खरं काम हे आहे, नीटनेटकं दिसणं हा वरचा फायदा. टर्फ कोरडं असतानाच झाडा. ओल्यात झाडलं की वाळू आणि धूळ गोळा होऊन बुडाशी बसते.

धुवायचं ते सकाळी. संध्याकाळी धुतलेलं टर्फ रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. ढगाळ, कुंद दिवस असेल तर धुणं पुढे ढकला. नुसतं झाडून घेतलं तरी चालतं. प्रेशर वॉशरबद्दल मला नेहमी विचारतात. वापरा, पण पंख्यासारखा पसरट फवारा ठेवून, लांबून आणि तिरका. जवळून मारलात तर वाळू उडते, जोडाखाली पाणी घुसतं आणि जोडाचा गोंद सुटतो. जोडांवर तर मी साधी पाण्याची नळीच वापरते.

दुपारच्या तापलेल्या टर्फवर पाणी मारून ते गार करायची सवय अनेकांना असते. उन्हात टर्फ ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, मुलांचे पाय भाजतात, हे खरंच आहे. पण पाण्याने मिळालेला गारवा थोडाच वेळ टिकतो, आणि दमट हवेत तर पाणी उडायलाही वेळ लावतं. त्यापेक्षा सावलीचं कापड बांधा, किंवा मुलांना उन्हं उतरल्यावर खेळायला पाठवा.

शेवाळ आणि बुरशी दिसली तर आधी खायला मिळणं बंद करा: झाडा, पाला काढा, धुवा, वाळवा. त्यानंतरही राहिलेल्या डागांसाठी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून थोडा वेळ ठेवून धुतलं की घरगुती कामापुरतं पुरतं. आधी एका कोपऱ्यात करून रंग उतरत नाही ना ते बघा. शेवाळासाठी बाजारात बेंझाल्कोनियम क्लोराइडची द्रावणं मिळतात. ती चालतात, पण माशांना घातक असतात आणि मांजरीने पाय चाटले तर तिचं तोंड पोळतं. तेव्हा धुवून पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांना दूर ठेवा आणि धुतलेलं पाणी तळ्याकडे सोडू नका. ब्लीच मी शक्यतो टाळते. टाळता येणारच नसेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येता कामा नयेत, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. जिथे कुत्रा लघवी करतो तिथेही ब्लीच नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडून क्लोरामाइनचे विषारी वाफारे निघतात.

कुत्र्याच्या वासाची तक्रार दमट वस्तीत जास्त असते. लघवीतला युरिया जिवाणू मोडतात आणि अमोनिया तयार होतो. ओल टिकली की हे काम चालूच राहतं. त्या जागी रोज भरपूर पाणी ओतणं हा पहिला उपाय. वास मुरला असेल तर वास मोडणारं एन्झाइम-जिवाणूंचं द्रावण मारा. ते बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहिलं पाहिजे, लगेच धुवू नका. त्याच्या आधी जंतुनाशक मारलं असेल तर ते आधी चांगलं धुवून टाका, नाहीतर द्रावणातले उपयोगी जिवाणूच मरतात आणि पैसे पाण्यात जातात. वाळूत झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज मिसळायची पद्धत आहे, ते अमोनिया धरून ठेवतं. उघड्या, उन्हाच्या अंगणात मी ते घालते. सावलीतल्या बंद बाल्कनीत घालत नाही, कारण झिओलाइट ओलही धरून ठेवतं.

बाकी डागांना फार वेळ देऊ नका. च्युइंगगम आणि मेण बर्फाने कडक करून उचकटा. तेलकट डागाला भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. रंगाच्या डागावर थिनर ओतायचा मोह होतो, पण तो झिरपून पाठीपर्यंत गेला तर थर विरघळतो. फडक्याला अगदी थोडा लावून पात्यावरच पुसा.

जोड उघडला तर

दमट हवेत सगळ्यात आधी जोड सुटतात. मोठं कारण गोंद: काम करणाऱ्याने तो ओल्या जमिनीवर लावलेला असतो किंवा चुकीच्या जातीचा वापरलेला असतो.

जातींबद्दल स्पष्ट सांगते. पाण्यात मिसळलेला गोंद नको, तो दमट हवेत सुकता सुकत नाही आणि पुढे ओल लागली की पुन्हा मऊ पडतो. दुहेरी चिकटपट्टी प्रदर्शनाच्या मांडवात ठीक आहे, घरी नको. पॉलियुरेथेनचा गोंद घ्या. त्यात दोन प्रकार येतात. पहिला दोन डब्यांतलं मिसळून लावायचा, तो आपल्या रसायनावर घट्ट होतो. दुसरा एकाच डब्यातला, तो हवेतली ओल घेऊन घट्ट होतो. ऐकायला वाटतं की दमट जागेला दुसराच बरा! हवेतल्या ओलीपुरतं ते खरंही आहे. पण जमीन किंवा पाठ ओली असेल तर पाण्याशी भिडून त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, गोंदाला फेस येतो आणि घट्ट झाल्यावर तो बुडबुड्यांनी भरलेला, पोकळ राहतो. शिवाय दमट दिवशी त्याच्यावर साय लवकर धरते, म्हणजे तुमच्या हातातला वेळ डब्यावर लिहिलाय त्याहून कमी असतो. थोडा थोडा भाग लावत जा.

दिवस निवडा. डब्यावर हवेतल्या आर्द्रतेची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा. साधा आर्द्रतामापक ठेवायला लागणारा खर्च एका फुकट गेलेल्या डब्याहून कमीच असतो. पहाटे काम सुरू करू नका, जमिनीवर दव असतं. रंगकामातला नियम इथेही लागू पडतो: जमिनीचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या ओलीचे थेंब धरू लागतात त्या तापमानाच्या, निदान ३ अंश वर हवं. हे मोजायचं साधन नसेल तर प्लॅस्टिकचा जाड कागद जमिनीवर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर जमीन आतून ओली आहे, त्या दिवशी गोंदाचा डबा उघडू नका.

आता काम. जोडाजवळची वाळू आधी झाडून, ओरबाडून एका डब्यात काढून ठेवा. दोन्ही कडा हातभर मागे उलटा आणि त्यांवर वजन ठेवा. जुनी पट्टी आणि गोंद खरवडून काढा. जुन्या गोंदावर नवा कधीच धरत नाही. मग ती जागा सुकू द्या. पंखा लावून अर्धा दिवस तरी वाट बघा. ही पायरी लोकांना सोसत नाही, आणि जोड टिकतो तो याच पायरीमुळे.

वाळल्यावर कडा तपासा. झुपके सुटलेले असतील, पाठ कुरतडलेली असेल तर टाक्यांच्या एक-दोन रांगा कापून सरळ कड मिळवा. कापायचं नेहमी पाठीकडून, दोन रांगांच्या मधून, नव्या ब्लेडने. ब्लेड बोथट झालं की बदला. ते ओढलं जातं आणि टाका उसवतं. दोन्ही कडा समोरासमोर आणून गोंदाशिवाय जुळवा. कडांमधली फट टाक्यांच्या रांगांमधल्या अंतराएवढीच हवी, घरगुती मालात ते बरेचदा साडेनऊ मिलिमीटर असतं. फट जास्त राहिली तर रेघ दिसते आणि कमी झाली तर जोडावर उंचवटा येतो. कापल्यामुळे फट फारच वाढली असेल तर ओढून ताणू नका, मध्ये चिंचोळी पट्टी घाला. ताणलेला जोड पहिल्या थंडीत उघडतो.

फटीच्या बरोबर मधोमध सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची जोडपट्टी अंथरा. तिच्यावर दातेरी पट्टीने गोंद सारखा पसरवा, कडांपर्यंत. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. मग कडा हळूहळू एका टोकाकडून बसवत चला, चेन लावताना दात जुळवत जातो तशा, आणि प्रत्येक वीतभरानंतर थांबून पाती खाली दबली नाहीत ना ते खिळ्याने उचकून बघा. गोंदात अडकलेलं पातं नंतर सुटत नाही. वरून रूळ फिरवा किंवा पायाने सावकाश दाबा, वाळूच्या कोरड्या पिशव्या ठेवा. २४ तास कोणी चालायचं नाही. पाऊस येण्याची शक्यता असेल तर ताडपत्री जोडाला न टेकता, विटांवर उंच बांधा. टेकली की तिच्याखाली घाम धरतो. दुसऱ्या दिवशी वाळू परत भरून ब्रश मारा.

ठिगळ, सुरकुत्या आणि वितळलेले चट्टे

ठिगळाची रीत जोडासारखीच. फक्त खराब भाग चौकोनात कापून काढायचा आणि तोच तुकडा नव्या मालावर ठेवून बेतायचा. लवीची दिशा चारदा तपासा. दिशा चुकली तर तुकडा दुसऱ्या रंगाचा वाटतो आणि लांबूनही डोळ्यांत भरतो. दिशा बरोबर असूनही नवा तुकडा गडद दिसतोच, कारण बाकीचं टर्फ उन्हाने फिकं झालेलं असतं. त्यावर माझी युक्ती अशी: बाकाखालून किंवा कडेच्या कुंड्यांमागून तितकंच फिकं झालेलं टर्फ कापून मधल्या जागी बसवायचं, आणि नवा तुकडा त्या आडोशाला लावायचा. काम दुप्पट होतं. घरचे मात्र खूश होतात.

पात्यांवर अचानक वितळल्यासारखा चट्टा किंवा पट्टा आला, तर वर बघा. समोरच्या खिडकीची उष्णता परतवणारी काच ऊन गोळा करून तिथे फेकत असते. पॉलिइथिलीन साधारण ११० ते १३० अंशांना वितळतं, पण वाकून गोळा व्हायला त्याहून बरंच कमी पुरतं. ती झळ अडवल्याशिवाय ठिगळ लावू नका, नवं टर्फही तसंच भाजेल. खिडकीला बाहेरून जाळी किंवा पडदा लावा.

सुरकुत्या उष्णतेने फुगल्यामुळे येतात. भर थंडीत बसवलेलं टर्फ उन्हाळ्यात सैल पडतं, भर उन्हात बसवलेलं थंडीत आकसून जोड ओढतं. म्हणून मधलं हवामान बरं. सुरकुती काढायला जवळची कड मोकळी करा, ती सुरकुती कडेपर्यंत सरकवत न्या, वाढीव भाग कापा आणि कड पुन्हा बांधा. मातीच्या अंगणात कडेला १५ सेंटिमीटर लांबीचे जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वीतभर अंतराने ठोका. साधे खिळे गंजतात, मग टर्फवर तपकिरी डाग पडतात आणि खिळ्याचं डोकं गळून टोक वर राहतं. मुलं अनवाणी खेळतात तिथे हे चालणार नाही.

पाठीचा भुगा निघू लागला तर काय, हा प्रश्न उरतोच. एका कोपऱ्यात असेल तर तेवढा कापून ठिगळ लावा आणि तिथलं पाणी वळवा. तीन-चारही ठिकाणी झुपके अलगद हातात येत असतील तर दुरुस्ती घेऊ नका, मी तर असलं काम नाकारते. त्यावर परत लॅटेक्स ओतून देतो म्हणणारे भेटतील. ओल्या, मातकट पाठीवर ते धरत नाही आणि उरलीसुरली भोकंही बुजतात. असं टर्फ गुंडाळायच्या आधी वाळू ओरबाडून काढा, नाहीतर गुंडाळी उचलवत नाही. पात्यांचे तुकडे झाडून पिशवीत भरा, पाण्याने वाहवून लावू नका. मग जमीन उघडी सोडा. गच्ची असेल तर जाळी साफ करा आणि स्लॅबच्या भेगा याच वेळी बुजवून घ्या, नंतर तिथे हात पोचणार नाही. प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा करून थेंब दिसेनासे झाले की नवीन टर्फ मागवा. तोवर मुलांना उघड्या गच्चीवर खेळू द्या.